घोडी कुंपणाबाहेर गेली तर? छोट्या फार्मसाठी काय क्रम ठेवावा

राऊकर

इंदूरजवळ खंडवा रोडला सिमरोलच्या अलीकडे, डांबरी सोडून दीड किलोमीटर आत, घरचाच छोटा फार्म आहे. चार एकर. जनावरं सहा: तीन मारवाडी घोड्या (एकीच्या पायाशी तीन महिन्यांचं शिंगरू), एक काठेवाडी खच्ची घोडा आणि एक मारवाडी वळू (खच्ची न केलेला नर). माणसं चारच, त्यात एक पगारी मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा). दोन बाजूंना दुसऱ्यांचा गहू, तिसरीकडे प्लॉटिंग चालू, चौथीकडे गाडीवाट.

पागेच्या भिंतीवर चिकटवता येईल असा क्रम हवा आहे. जनावरं सुटली तर पहिल्या मिनिटाला कोणी काय करायचं? नेटवर सापडतं ते सगळं परदेशी रांचचं: शेकडो एकर, घोड्यावर बसून हाकणारे चार जण, ट्रकमधून आणलेली लोखंडी पॅनेलं. इथे त्यातलं काहीच नाही. रंगपंचमीच्या गेरीला (रंगाच्या मिरवणुकीला) शहरात जो आवाज होतो त्याचा छोटा अवतार आता गावोगावी डीजेवर निघतो, म्हणून त्याच्या आधी विचारतोय.

मोतद्दार

चार माणसं पुरेत, फक्त चौघांनी एकाच दिशेला धावायचं नाही. माणसं नेमकी तिथेच चुकतात.

घाबरून निघालेला कळप सहसा दोन-तीनशे मीटर पळतो, थांबतो आणि वळून बघतो. मागे कोणी दिसलं नाही तर तिथेच चरायला लागतो. मागे मोटारसायकल दिसली तर पुन्हा पळतो, आणि दुसऱ्यांदा जास्त लांब जातो. म्हणजे ती पहिली पाच मिनिटं तुमचीच आहेत, घालवू नका.

पहिला माणूस: आत जी जनावरं उरली आहेत ती ठाणावर बांधतो, कुत्री बांधतो, आणि ज्या फाटकातून घोडी परत यायला हवीत ते सताड उघडून अडकवून ठेवतो. बाहेर गेलेल्यांना आतल्यांची हाक ऐकू येणं फार कामाचं. सगळी एकदम गेली असतील तर परतवणं दुप्पट अवघड.
दुसरा आणि तिसरा: गाडीवाट जिथे डांबरीला मिळते तिकडे, पण घोड्यांच्या मागून नाही. शेताच्या बांधाने लांबचा वळसा घालून, त्यांच्या पुढे जायचं. रस्ता बंद झाला की घाई संपली.
चौथा: ज्याला घोडी ओळखतात तो. खांद्यावर मोहरकी (तोंडावर चढवायचा पट्टा) आणि दोर, हातात तोबरा (दाण्याची पिशवी). चालत.

फोन रस्त्यावरच्या दोघांकडे. तोबरेवाल्याचा फोन सायलेंट.

दुडकी

+१. फक्त तोबऱ्याऐवजी बादली न्या. चण्याचा खडखडाट बादलीत लांबपर्यंत जातो. माझ्या मते पहिलं काम बादलीचंच, बाकी नंतर.

मोतद्दार

एका जनावरासाठी बादली ठीक. पाच-सहा मोकळ्या घोड्यांच्या मध्ये एक बादली घेऊन उभं राहणं म्हणजे लाथांच्या मध्ये उभं राहणं. थोरली घोडी कान पाडते, धाकटी मागच्या पायांवर फिरते, माणूस दोघींच्या मध्ये. तोबऱ्यात तोंड एकाच जनावराचं जातं, बाकीच्यांना दिसतही नाही काय आहे. हातात धरायचा, डोक्यात अडकवायचा नाही. तोबरा अडकवलेलं जनावर निसटून पाण्यावर गेलं तर त्यात पाणी भरून गुदमरतं.

आणि तोबऱ्यात खरंच चंदी (दाण्याचा खुराक) असू द्या, अर्धा-पाऊण किलो पुरे. खडे वाजवून एकदा फसवता येतं, दुसऱ्यांदा येत नाही.

दुडकी

तोबऱ्याचा मुद्दा मान्य. आजकाल किती जणांकडे असतो तो प्रश्न वेगळा.

पागेवाली

राऊकर, कोणती घोडी पहिली धरायची ते आजच ठरवून ठेवा. कळपात पुढे चालणारी एक घोडी असते. बहुतेक वेळा वयाने मोठी मादी, वळू नव्हे. पाण्यावर पहिली कोण जाते, गव्हाणीवरून दुसऱ्यांना कोण हटवते, हे दोन दिवस बघितलं की कळतं. ती हातात आली की बाकीच्यांना धरायची गरजच पडत नाही. तिला घेऊन चालायला लागायचं, उरलेली मागून येतात. एक माणूस पंधरा-वीस मीटर मागे, नुसता चालत, हातवारे नाहीत.

शिंगरू धरायला कोणीही जायचं नाही. आईला धरा, ते येतं. शिंगरू धरलंत तर आई अंगावर येईल.

जवळ जाण्याची पद्धत लिहिते, कारण पत्रकावर "हळूहळू जा" एवढंच असून भागत नाही. घोड्याला नाकाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. म्हणून जायचं ते डाव्या खांद्याच्या रोखाने, तिरकं, डोळ्यांत न बघता. मान वर झाली, कान ताठ झाले, की थांबायचं. पाय उचलायच्या बेतात दिसली तर एक-दोन पावलं मागे जायचं. हे मागे जाणंच सगळ्यांना जड जातं. मान पुन्हा खाली गेली, एक कान तुमच्याकडे वळला, की पुढे. जवळ गेल्यावर तोंडाला हात नको. अयाळ संपते तिथे खाजवा. आधी दोर मानेवरून पलीकडे टाकून दोन्ही टोकं एका हातात घ्या, मग मोहरकी. दोर मानेवर असला की बहुतेक घोडी स्वतःला धरलेलंच समजतात.

दोर सुती, १० ते १२ फूट, अंगठ्याएवढा जाड. नायलॉन हात भाजतो. हाताला गुंडाळायचा नाही, घडी करून धरायचा. आणि कृपा करून फास टाकायला कोणाला सांगू नका. ओढला की आवळतो, आवळला की जनावर जास्त ओढतं.

राऊकर

ताई, थोरली कोण ते लगेच सांगता येईल, काळी घोडी. ती धरू देते. पण धरल्यावर तिच्यावर बसून आणली तर लवकर होणार नाही का? दीड किलोमीटर आहे.

पागेवाली

नाही. मोहरकीवर, खोगिराशिवाय, मागे मोकळा वळू. पायी या.

काळीमाती

आपल्याकडची जमीन लक्षात घेऊन थोडं.

गहू नुकताच पाणी दिलेला असेल तर घोडं पोटरीपर्यंत रुततं. घाबरलेलं जनावर रुतल्यावर उसळ्या मारतं आणि शिरा ओढून घेतं. तिथे हाकायचं नाही, बांधावर उभं राहून त्याला स्वतः बाहेर येऊ द्या. एप्रिल-मेमध्ये उलट: शेतं रिकामी, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, आणि बिनकठड्याच्या विहिरी उघड्या. तुमच्या अर्धा किलोमीटरच्या टापूतल्या सगळ्या विहिरी, नाले आणि तारेची कुंपणं एका कागदावर मांडून ठेवा. रस्त्याइतकाच तोही धोका. प्लॉटिंगच्या बाजूला गटारांचे खड्डे आणि वर आलेल्या सळ्या असतात. तिकडची वाट पहिली बंद करा.

गल्ली करायला पॅनेलं नकोत. फाटकाच्या दोन्ही अंगांना बाहेरच्या बाजूला तिरके पंख काढा: बांबू, त्यावर हिरवी शेडनेट किंवा जुन्या साड्या, पाच फूट उंच, प्रत्येकी पंचवीस-तीस मीटर. तोंड रुंद, फाटकाशी अरुंद. कापड घोडं सहज फाडेल, पण त्याला ते भिंतीसारखं दिसतं म्हणून ते त्यावर जात नाही. नुसता दोर ताणला तर दिसत नाही आणि त्यात पाय अडकतो. नेट गुंडाळून फाटकाजवळच ठेवली तर दोन माणसं दहा मिनिटांत लावतात. एका बाजूला ट्रॅक्टर-ट्रॉली आडवी लावली तर अर्धं काम तिथेच झालं.

एक गंमत: शेजाऱ्यांना फोन करून "घोडा दिसला का" विचारलंत तर अर्धे जण होच म्हणणार. माळव्यात नीलगाईला घोडारोज म्हणतात आणि ती रोजच दिसते. रंग विचारा, मोहरकी आहे का विचारा.

राजवाडा_ते_राऊ

भिया, घोडारोज एकदम खरं. 😀 तीच कुंपण पाडते आणि मग त्याच खिंडारातून घोडी जातात.

खरारा

वळूबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. बाकी सगळ्यांचा नियम एक आणि त्याचा वेगळा.

वळू एकटा सुटला: सगळ्या घोड्या आत, पण त्याला ऐकू येतील अशा. तो फिरून येतोच, जर जवळपास दुसरीकडे घोड्या नसतील तर. वरातीच्या घोड्या पाळणारं कोणी तीन-चार किलोमीटरमध्ये असेल तर पहिला फोन तिथे, आणि त्यांना आपल्या घोड्या बंद करायला सांगा. वळू घोड्यांसोबत सुटला: थोरल्या घोडीला धरून चालायला लागा, तो येईल. पण त्याच्या आणि घोडीच्या मध्ये कोणीही यायचं नाही. तो मान जमिनीलगत घालून, कान पाडून घोड्यांना मागून ढकलायला लागला तर माणसांनी बाजूला व्हायचं. त्या वेळी तो कोणाचं ऐकत नाही. त्याला शेवटी धरायचं, आवारात आल्यावर, ज्याचा हात बसला आहे त्यानेच.

घोडी साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते आणि पाच ते सात दिवस राहते. दिवस मोठे व्हायला लागले की हे सुरू होतं, म्हणजे तुमची रंगपंचमी नेमकी त्यातच. तारखा कॅलेंडरवर मांडा आणि त्या दिवसांत वळूच्या फाटकाला दुसरी कडी. चुकून भरली गेली असेल तर १४ ते १६ दिवसांनी सोनोग्राफीत कळतं. जुळं असेल तर तेही तेव्हाच कळायला हवं, नंतर अवघड जातं.

सारंगखेड्याच्या किंवा पुष्करच्या घोडेबाजारातून नुकतं आणलेलं जनावर असेल तर वरचं काहीच लागू नाही. त्याला घर माहीत नसतं, ते परत कुठे येणार? पहिले दोन-तीन आठवडे ते एकटं मोकळं सोडायचंच नाही. त्याला आतून कुंपण दाखवत हाताने फिरवायचं.

पशुवैद्य_महू

जनावरं आली की काम संपलं असं समजून सगळे चहाला जातात. पुढचा अर्धा तास महत्त्वाचा.

आधी चालवा, पाणी द्या. तापलेल्या घोड्याला पाणी देऊ नये हा जुना समज आहे. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्या. उन्हाळा असेल तर अंगावर सतत पाणी ओता. चंदी मात्र तासभर नको. विश्रांतीतलं तापमान ९९.५ ते १०१.५ फॅरनहाइट, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. पळून आल्यावर हे सगळं वाढलेलं असणारच. पण अर्ध्या तासाने नाडी ६० च्या खाली आली नाही तर फोन करा. लघवी गडद तपकिरी आणि मागचे पुठ्ठे दगडासारखे असतील तर चालवू नका, उभं ठेवा आणि लगेच बोलवा.

मग हात फिरवून तपासा: छाती, कोपर, मागच्या पायांची आतली बाजू. तारेच्या जखमा तिथेच होतात. छोटी दिसणारी जखम सांध्याजवळ असेल तर तीच जास्त वाईट. खुरात खिळा असेल तर उपटू नका. कुठे आणि किती तिरका गेलाय ते कळायला हवं. बाहेर आलेला भाग जमिनीला लागत असेल तर खुराला लाकडी ठोकळा बांधून पाय उचललेला ठेवा. धनुर्वाताला घोडं फार लवकर बळी पडतं. शेवटची लस कधी दिली ते वहीत लिहिलेलं असावं, फोनवर पहिला प्रश्न तोच असतो.

आता खाणं. हिरव्या गव्हात तासभर चरून सहसा काहीच नाही, क्वचित पोटशूळ. खळ्यावरचा किंवा कोठारातला दाणा खाल्ला असेल तर गोष्ट वेगळी. लक्षणं दिसायची वाट बघू नका. खूर तापायला पुढचा एक-दोन दिवस लागतात आणि तोवर उपचाराची वेळ निघून गेलेली असते. आधीच बोलवा, नाकातून नळी घालून पोट रिकामं करता येतं, आणि खुरं गुडघ्याखालपर्यंत बर्फाच्या पाण्यात ठेवता येतात. कांदा-लसणाचे ढीग खाल्ले असतील तर दोन-चार दिवस लघवीचा रंग आणि हिरड्या बघत राहा, रक्तातल्या लाल पेशी फुटतात. शेजारी पोल्ट्री असेल तर विशेष लक्ष. कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते थोडंही घोड्याच्या हृदयाला घातक. आणि कण्हेर. हायवेच्या डिव्हायडरमध्ये आणि फार्महाउसच्या कडेला तीच लावलेली असते. मूठभर पानंही जीव घेतात.

१९६२ वर पशुवैद्यकीय गाडी मागवता येते. घोड्यांची सवय असलेल्या डॉक्टरांचा नंबर मात्र वेगळा लिहून ठेवा.

दुडकी

डॉक्टरसाहेब, मोहरकी कायम घालून ठेवावी का? कुरणात मोकळी असताना मोहरकी असेल तर धरायला किती सोपं.

पशुवैद्य_महू

नायलॉनची असेल तर नको. मागच्या खुराने कान खाजवताना खूर अडकतो, बाभळीच्या खुंटाला अडकते, आणि नायलॉन तुटत नाही, मान मोडते. घालायचीच तर कानामागचा पट्टा पातळ चामड्याचा, ताण आल्यावर तुटेल असा.

पागेवाली

त्यापेक्षा चामड्याचा गळपट्टा. त्यावर फोन नंबर कोरलेली पितळी पट्टी, आणि थोरलीच्या पट्ट्याला घंटी. रात्री तिचा फार उपयोग होतो.

रात्रीचं सांगायचं तर घोड्याला अंधारात आपल्यापेक्षा बरं दिसतं, पण उजेडातून अंधारात गेल्यावर त्याच्या डोळ्यांना सरावायला वेळ लागतो. म्हणून टॉर्च तोंडावर मारायचा नाही, जमिनीवर ठेवायचा. डोक्याला बांधायचा टॉर्च तर नकोच, आपण बघू तिकडे उजेड जातो. ट्रॅक्टरचे दिवे फाटकाच्या बाजूने, आत वळवून ठेवा, म्हणजे बाहेरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाहीत. थांबून ऐका. लीद ताजी आहे का हाताने बघा, वाफ किंवा ऊब असेल तर जवळच आहेत.

राजवाडा_ते_राऊ

डांबरीवर काय करायचं? खंडवा रोडवर ट्रक थांबत नाहीत. पुढे भेरूघाटाकडे वळणं आहेत.

मोतद्दार

वळणाच्या अलीकडे उभं राहायचं, वळणावर नाही. दोन्ही बाजूंना किमान दीडशे मीटरवर एकेक माणूस, चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट आणि लाल कापड किंवा लाल टॉर्च. आडवं न उभं राहता कडेला. ११२ ला सांगा की रस्त्यावर घोडी आहेत आणि नेमकं कुठे, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा द्या. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ (महामार्गाचा मदत क्रमांक) पण. ओलांडायचं असेल तर सगळी एकदम, चालत. नाल मारलेलं घोडं डांबरावर पळालं तर घसरून आडवं होतं. अर्धी अलीकडे अर्धी पलीकडे राहिली तर मागे राहिलेलं घोडं वाहनं न बघता उडी घेणारच.

काळीमाती

कुंपणावर बोलायलाच हवं. सुटलेल्यांना धरण्यापेक्षा स्वस्त आहे.

काळी माती पावसाळ्यात फुगते, त्यात खांब सैल होतात आणि उन्हाळ्यात कलतात. अडीच-तीन फूट खोल गाडा आणि खड्ड्यात तीच माती परत भरू नका, मुरूम टाकून थराथराने ठोका. उंची साडेचार ते पाच फूट. काटेरी तार घोड्यांना नकोच, असेल तर काढा.

झटका मशीन (कुंपणात विजेचा झटका सोडणारं) लावलंत तर तारेऐवजी रुंद पांढरी पट्टी, घोड्याला दिसली पाहिजे. मशीन चांगलं असूनही झटका बसत नाही याचं कारण दहापैकी आठ वेळा अर्थिंग. सहा फुटी तीन सळ्या, दहा-दहा फुटांवर, एकमेकींना जोडलेल्या. मे महिन्यात माती भेगाळली की सळी मातीपासून सुटते आणि लाइन मेल्यासारखी होते. सळ्या हौदाच्या सांडपाण्याजवळ ठोका, ओल टिकते. जुलै-ऑगस्टमध्ये उलटा त्रास, गवत वाढून पट्टीला लागतं आणि करंट तिथेच उतरतो. दर आठवड्याला सगळ्यात लांबच्या टोकाला टेस्टर लावा, ३,००० व्होल्टच्या खाली गेलं की शोध घ्या. घोड्यांना बंद पडलेली लाइन आपल्या आधी कळते.

फाटक: वरच्या बिजागरीचा खिळा उलटा, टोक खाली करून बसवा. दोन्ही खिळे वर असतील तर हुशार घोडं मानेने फाटक उचलून काढून ठेवतं. कडीला ओठ लावून सरकवतात, म्हणून त्याखाली दुसरी साखळी आणि स्प्रिंगचा हूक, घोड्याच्या तोंडाला न पोचेल असा बाहेरून.

खरारा

आणि कडीपाशी बसून चंदी देऊ नका. कडी आणि खाणं यांचा संबंध त्यांना आपणच शिकवतो.

राऊकर

शेजाऱ्याचा गहू तुडवला गेला तर? इकडे लोक जनावर बांधूनच ठेवतात.

बांधावरचा_वकील

बांधू शकतात. पशू अतिचाराचा १८७१ चा कायदा अजून आहे आणि त्यातल्या व्याख्येत घोडा, घोडी, शिंगरू सगळं येतं. पीक तुडवणारं जनावर शेतकरी धरू शकतो, पण २४ तासांच्या आत कांजी हाउसला (कोंडवाड्यात) पोचवायला हवं, घरी डांबून पैसे मागत बसता येत नाही. तुम्ही मात्र ते हिसकावून आणायचं नाही, तो वेगळा गुन्हा होतो. रस्त्यावर कोणाला इजा झाली तर जनावराबाबत निष्काळजीपणाचं कलम लागतं, भारतीय न्याय संहितेत ते २९१ आहे.

व्यवहारात: त्याच दिवशी, उजेड असताना, शेतकऱ्यासोबत उभं राहून तुडवलेले वाफे मोजा, फोटो काढा, दोघांच्या सह्यांचा कागद करा. भरपाई ठरली तर पैसे मिळाल्याचं त्यावरच लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी गेलात तर वाफे वाढलेले असतात.

राऊकर

खूप उपयोगी, सगळ्यांचे आभार. पत्रक लिहायला घेतलंय. एकच शंका: थोरलीला धरून आणताना बाकीची मागे आलीच नाहीत, गव्हातच चरत राहिली तर?

पागेवाली

थांबा. तिला घेऊन पन्नासेक मीटर पुढे जा आणि त्यांच्या नजरेच्या टप्प्यात उभं राहा, तिचं तोंड घराकडे. ती ओरडू दे, गप्प करू नका. पाच-दहा मिनिटं जातात. एक मान वर होते, ती निघाली की दुसरी निघते. शिंगरूवाली आई शेवटी राहिली असेल तर मात्र तिच्याकडे दुसरी मोहरकी घेऊन जा. म्हणून दोन मोहरक्या न्या, एक मोठी एक मधली.

मोतद्दार

आणि तोबरेवाल्याच्या खिशात गुळाचा खडा.